भाचेसुनेची शेवटची कुस्ती

वेंगुर्ल्याला परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "नाशिकला गेला होतात ना? मग त्र्यंबक झालं असेल, पंचवटी झाली असेल." मी म्हणते, यातलं काही झालं नाही, मी कुस्ती बघायला गेले होते. यावर माणसं माझ्याकडे अशी बघतात, की साठी उलटल्यावर बाईचं डोकं फिरलं. लोणची घालून विकणाऱ्या बाईचा आणि कुस्तीचा काय संबंध, हे प्रत्येकाला दुकानाच्या पायरीवर उभं करून सांगण्यापेक्षा एकदाचं लिहून काढलेलं बरं.

तर संबंध असा. मंदार हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. नाशिकला कारखान्यात नोकरीला आहे. त्याने लग्न केलं ते एका पैलवान मुलीशी. शीतल तिचं नाव, माहेर सिन्नर तालुक्यातलं. त्या वेळी आमच्या घरात बरंच काय काय बोललं गेलं, आणि खोटं कशाला सांगू, त्यात माझाही आवाज होता. लग्नानंतर ती वेंगुर्ल्याला आली तेव्हा माझ्या पडवीतला दगडी रगडा तिने खाली झाडायचं म्हणून एकटीने बाजूला सरकवला आणि झाडून झाल्यावर परत जागेवर ठेवला. रगडा त्या जागी माझ्या सासूबाईंच्या काळापासून होता आणि त्याखाली कधी कोणी झाडलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी तिच्याबद्दल बोलणं कमी केलं.

ही मुलगी गादीवरच्या कुस्तीत, म्हणजे ज्याला फ्रीस्टाइल म्हणतात त्यात, देशात पहिली आलेली आहे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. परदेशातून पदक आणलेलं आहे. नंतर गुडघा गेला, ऑपरेशन झालं, तरी ती उभी राहिली आणि परत जिंकली. आणि आता चैत्रात तिचा फोन आला, "मावशी, शेवटची कुस्ती आहे. आमच्या गावच्या जत्रेत. याल का?"

कुस्तीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण शेवटची म्हटल्यावर नाही कसं म्हणणार?

नाशिक

प्रवासाचं काही सांगत नाही. गाड्या बदलल्या, कंबर धरली, पोचले.

मंदारने स्टेशनवरून थेट मिसळ खायला नेलं. नाशिकची मिसळ हे प्रकरण आमच्याकडच्या मिसळीसारखं आटोपशीर नाही. ताटात उसळ, फरसाण, काळ्या मसाल्याची तर्री, दही, पापड, पाव आणि कडेला जिलबी. पहिल्यांदा मला वाटलं चुकून कोणाची तरी जिलबी आमच्या ताटात आली. तर्रीचा पहिला घोट घेतल्यावर जिलबीचं प्रयोजन कळलं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात आपोआप जिलबीकडे.

शीतलने मात्र मिसळीला हातही लावला नाही. तिने नुसती जिलबी मागवली. एक खाल्ली, डोळे मिटून दुसरी खाल्ली.

"एवढी आवडते?" मी विचारलं.

"मावशी, इतकी वर्षं नुसती बघितली. वजनगटात बसायचं म्हणजे स्पर्धेआधी पाणीसुद्धा मोजून. एकदा तर काटा थोडाच जास्त दाखवत होता. स्वेटरवर स्वेटर घालून पळाले, तरी हटेना. मग कोपऱ्यात बसून थुंकत राहिले. थुंकून थुंकून वजन उतरवलं."

"आणि मग?"

"मग जिंकले ना." ती हसत सुटली. मला काही हसू आलं नाही. मी माझीही जिलबी तिच्या ताटात सरकवली.

संध्याकाळी ती मला सरावाच्या हॉलमध्ये घेऊन गेली. जमिनीवर निळी-पिवळी मॅट अंथरलेली, तिला ही मंडळी गादी म्हणतात. रबराचा आणि घामाचा वास. शीतल आत शिरली आणि दहा-बारा मुली धावत येऊन तिच्या पाया पडल्या. घरात चहा गाळताना ती कोणाचीही सून दिसते. गादीवर पाय ठेवल्याबरोबर तिची मान, खांदे, चालणं, सगळं बदललं. ती जरा वाकली, हात पुढे आले, आणि समोरची मुलगी, जी हाडापेराने तिच्याहून मोठी होती, दोन पावलं मागे सरकली. नुसत्या वाकण्याने! मी बाकावर ताठ बसले.

मग तिने एक डाव केला. समोरची मुलगी पालथी पडली होती. शीतलने पाठीमागून तिच्या कमरेला मिठी मारली आणि स्वतःच्या पाठीवरून लोळण घेऊन तिला अंगावरून पलीकडे उलटवली. एवढं जड शरीर तिने असं फिरवलं, की मी "अगो बाय!" म्हणून ओरडलेच.

"याला भारंदाज म्हणतात," मंदार म्हणाला. त्याचा चेहरा मात्र उतरला होता. "शीतल, पुन्हा तेच? हा डाव करायचा नाही असं ठरलंय ना?"

शीतल गादीवर बसून राहिली. "होतो रे आपोआप. हात कमरेला गेले की होतोच."

मला काही समजेना. एवढा देखणा डाव, तो का करायचा नाही? तिने मला समजावलं ते मला समजलं तसं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गादीवरच्या कुस्तीला वेळ असतो, गुण असतात. लोळण घेताना आपली पाठ क्षणभर टेकली तरी चालतं, समोरच्याला उलटवलं याचे गुण आपल्याला मिळतात. मातीतल्या कुस्तीला गुण नाहीत. ज्याची पाठ आधी मातीला लागली तो हरला. क्षणभर लागली तरी हरला.

"जत्रेतली कुस्ती मातीत आहे," ती म्हणाली, "आणि हा डाव तर माझ्या हाडात बसलाय. गादीवर मी जे काही जिंकले ते याच्यावर."

"तू मातीत खेळलीच नाहीस कधी?"

"दुसऱ्या गावांत, थोडी. आमच्या गावच्या तालमीत नाही. तिथे मुलींना आत घेत नाहीत."

परत येताना तिने आणखी एक सांगितलं. फ्रीस्टाइलचा पैलवान कायमचा थांबतो तेव्हा शेवटच्या कुस्तीनंतर बूट काढून गादीच्या मधोमध ठेवतो आणि अनवाणी बाहेर जातो. जगभर अशी रीत आहे. मी विचारलं, मग तू जत्रेत बूट ठेवणार का? ती म्हणाली, "मातीत बूट घालायचेच नसतात, मावशी. माझ्याकडे ठेवायला काही नाही."

सिन्नरकडे

दुसऱ्या दिवशी एसटीने निघालो. मी सोबत दोन वस्तू नेल्या होत्या, कोकमाचं आगळ आणि सुकट. पैलवानाच्या घरी जायचं, तर चार घास ताकदीचे न्यावेत, हा माझा विचार. पिशवी उन्हात तापली आणि सिन्नर येईपर्यंत आमच्या मागच्या दोन्ही बाकांवरची माणसं पुढे जाऊन उभी राहिली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

बाहेर बघण्यासारखं होतंही. आमच्या डोळ्यांना हिरव्याची सवय. इथे चैत्रातलं उघडं माळरान, लांबवर बोडके डोंगर, मध्येच कारखान्यांची पत्र्याची छपरं, आणि मग एकदम कांदा. शेतात कांद्याचे ढीग, चाळीत कांदा, ट्रॅक्टरमध्ये कांदा, वाऱ्याला कांद्याचा वास. आकाश केवढं मोठं दिसतं तिथे! आमच्याकडे माडांमधून दिसेल तेवढंच आकाश. मला तर सुरुवातीला उघड्यावर आल्यासारखं वाटलं.

शीतलची आई, माई, दारातच उभी होती. पाया पडणं, गूळपाणी झालं. मग तिने नाक मुरडलं.

"आता गं बया, पिशवीत काय मेलंय का?"

शीतलने मला हळूच खुणावलं. घर माळकरी होतं. या घरातली मुलगी दूध, तूप, बदामाची थंडाई आणि भाकरी यांवर देशात पहिली आली होती, आणि मी तिला ताकद यावी म्हणून वेंगुर्ल्याहून सुकट घेऊन आले होते. पिशवी अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगली. दुपारपर्यंत गावातल्या सगळ्या मांजरांना पत्ता लागला आणि माझा प्रश्न त्यांनीच सोडवला. आगळाचं मात्र माईने सरबत केलं आणि पेल्यामागून पेला प्यायली. "लय ग्वाड हाय, पण जिभेला धरतंय," असा तिचा निकाल.

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते. हुलगे म्हणजे आपले कुळीथ. आम्ही त्याची पातळ पिठी करतो आणि भातावर ओततो. ही माणसं त्याच पिठाची बोटाएवढी वेटोळी वळून लसणाच्या झणझणीत रश्श्यात शिजवतात. सोबत बाजरीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. मी दोनदा मागून घेतलं. घरची चव अनोळखी गावात अशी वेगळ्या रूपात भेटली की जीव कसा सुखावतो.

तालमीचं दार

उतरत्या उन्हात मी गाव बघायला निघाले. शीतल बरोबर होती. देवळामागे दगडी तालीम आहे. बुटकं दार, एका भिंतीला गजांची खिडकी, दाराबाहेर ओटा. ओट्यावर पांढऱ्या मिशांचे, भरल्या अंगाचे एक म्हातारे बसले होते. हे वस्ताद. गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनी कुस्ती शिकवली आणि जत्रेच्या मैदानाचे पंचही तेच.

दार उघडं दिसलं म्हणून मी सरळ आत निघाले.

"पाव्हण्या, तिथंच थांबा. बायका आत येत नायत."

माझा पारा चढला. "का? आम्ही काय माती खातो?"

शीतलने माझा दंड धरला. वस्ताद मात्र रागावले नाहीत. "आमच्या वस्तादानं नाय येऊ दिल्या. म्या बी नाय येऊ देत. बाहीरनं बघा ना, नाय कोन म्हनतं?"

बाहेरून बघितलं. मध्ये चौकोनी हौदा, तांबड्या मातीने भरलेला. एक दांडगा पैलवान खोऱ्याने ती माती खणत होता. घामाने निथळत होता, पण थांबत नव्हता. तो नवीन आलाय, वस्ताद म्हणाले. तालमीत नवा आलेला कुस्ती खेळत नाही. आधी तो माती खणतो, उलटी-पालटी करतो, ढेकळं फोडतो. हात खोऱ्याला सरावले, कंबर सुटली, मातीची ओळख झाली, की मग जोड मिळते. कितीही मोठ्या घरचा असो, पहिल्यांदा खोरं.

"आन् मातीत ताक घालावं लागतं, हळद, गोडंतेल, लिंबाचा रस. मुरावी लागती."

"ही तर लोणच्याची कृती झाली," मी म्हटलं.

म्हातारे पहिल्यांदा हसले. "मग तुमाला कळंल. कच्ची माती अंगाला खाती."

निघताना शीतलने ती गजांची खिडकी दाखवली. लहानपणी ती भावाची सायकल त्या खिडकीखाली लावून कॅरियरवर उभी राहायची आणि गजांतून आत बघायची. वस्ताद मुलांना जे शिकवत ते सगळं ऐकायची. घरी जाऊन गोणपाटावर एकटीच करून बघायची. त्यांना ते माहीत होतं का? माहीत नाही, म्हणाली. त्यांनी कधी हाकललं नाही आणि कधी बोलावलंही नाही. मग ती शहरात गेली, गादीवर शिकली, आणि पुढचं सगळं झालं. पदक घेऊन आली तेव्हा गावाने मिरवणूक काढली. वस्तादांनी ओट्यावरूनच हात वर केला.

आणि आता तिने गावसभेत एकच मागितलं होतं. तालमीचं दार मुलींना उघडावं. गुडघा संपला, आता तिला शिकवायचंय, आणि ते याच मातीत. सभेत पुष्कळ आरडाओरडा झाला. शेवटी वस्ताद उठले आणि म्हणाले, "गादीवरची कुस्ती गादीवर. मातीत कुस्ती करून दाखव. जत्रेत शेवटची कुस्ती तुझी लावतो. जिंकलीस तर दार उघडं."

शेवटची कुस्ती म्हणजे मानाची. तोवर ती कधी बायकांना दिलेली नव्हती.

"पण काय गो," मी म्हटलं, "दोन बायका खेळणार म्हणजे एक बाई जिंकणारच. यात परीक्षा कसली?"

"परीक्षा गावच्या मुलीची आहे, मावशी. आणि समोर कोण आणलीय ते बघा उद्या. कविता. सटाण्याकडची. बापाने शेतात हौदा खणून शिकवलीय. मातीत तिची पाठ अजून कोणी लावलेली नाही."

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली, की मी चालता चालता थांबले. आतापर्यंत मी पाहुणी होते. तिथून पुढे माझा जीव त्या दारात अडकला.

मैदान

आमच्याकडे जत्रा म्हणजे पालखी, दशावतार, खाजं. इथे देवाला नारळ फुटला की सगळं गाव एकाच दिशेला चालू लागतं. मैदान म्हणजे खणून भुसभुशीत केलेली माती आणि तिच्याभोवती माणसांचं कडं. झाडांवर माणसं, ट्रॉलीवर माणसं, भिंतींवर माणसं. हलगी अशी कडाडत होती, की पोटात ऐकू येत होती. बायकांसाठी एका बाजूला सतरंजी टाकली होती. माई म्हणाली, पूर्वी सतरंजीही नव्हती.

कुस्त्या सुरू झाल्या. पैलवान येतात, माती कपाळाला लावतात, एकमेकांच्या अंगाला माती चोळतात, मांडीवर शड्डू ठोकतात, आणि भिडतात. हरलेला उठतो आणि जिंकलेल्याच्या गळ्यात हात घालतो. तालमीच्या दाराचा राग मनात धरून बसलेली मी चौथ्या जोडीला उभी राहून ओरडत होते. माईने माझा पदर धरून मला दोनदा खाली बसवलं.

इथली एक पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. कुस्तीआधी, आणि कुस्ती मध्ये थांबवली की प्रत्येक वेळी, पंच दोघांच्या पाठी उपरण्याने स्वच्छ पुसतो. म्हणजे माती लागली तर ती आत्ताची, वादाला जागा नको. वस्ताद हे काम स्वतःच्या हाताने करत होते, मुलाची पाठ पुसावी तसं.

शेवटी निवेदकाने शीतलचं नाव पुकारलं. असा गलका उठला, की कावळे उडाले. निळा शर्ट, काळी चड्डी, गुडघ्याला पट्टा, पाय उघडे. तिने वाकून मातीला हात लावला आणि हात कपाळावर बराच वेळ ठेवला. कविता समोरून आली. ठेंगणी, रुंद, सावळी, डोळे खाली. वस्तादांनी दोघींच्या पाठी पुसल्या. मंदार माझ्या शेजारी येऊन बसला आणि माझा हात धरला.

सुरुवातीला काहीच होत नव्हतं. डोक्याला डोकं, मानेवर हात, नुसती ढकलाढकली. मग कविता एकदम खाली शिरली आणि तिने शीतलचा पाय उचलला, तोच गुडघ्याचा. शीतल एका पायावर उड्या मारत राहिली. पडली असती तर सरळ पाठीवर. पण तिने हवेत अंग असं वळवलं, की ती पोटावर पडली, आणि लगेच उठली. गावाने श्वास सोडला. वस्तादांनी थांबवलं, पाठी पुसल्या, पुन्हा लावली.

असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. दोघी माखल्या होत्या, छाती भात्यासारखी हलत होती. शीतल लंगडायला लागली होती, आणि तरीही पुढे जात होती. मी आयुष्यात पुष्कळ कष्टाळू माणसं बघितली, पण स्वतःच्या दुखण्याला असं बाजूला बसवून ठेवणारं कोणी बघितलं नव्हतं. मला त्या क्षणी तिची भीती वाटली, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

वस्तादांनी पुन्हा थांबवून पाठी पुसल्या. आणि मग शीतलने हूल दिली, कविता चुकली, शीतल तिच्या पाठीमागे गेली. कविता पालथी पडली. शीतलचे हात तिच्या कमरेला गेले.

"नको," मंदार पुटपुटला. "नको, नको, नको."

ती लोळली. जशी हॉलमध्ये लोळली होती तशीच. कविता तिच्या अंगावरून फिरून पलीकडे आपटली, सरळ पाठीवर, आणि शीतल तिच्या छातीवर. वस्ताद पलीकडच्या बाजूला होते. त्यांना कविता दिसली, आभाळाकडे तोंड करून चीत. त्यांनी हात वर केला.

काय सांगू! फेटे उडाले. हलगीवाला नाचायला लागला. माई रडत होती, मीही रडत होते, कोणीतरी आमच्यावर गुलाल टाकला. माणसं शीतलला खांद्यावर घ्यायला धावली.

पण शीतल उठलीच नाही. ती मातीत बसून होती. खांद्याला हात लावणाऱ्याचा हात तिने बाजूला केला. मग उठली, लंगडत वस्तादांसमोर गेली आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली.

निळ्या शर्टवर दोन्ही खांद्यांच्या मागे तांबडी माती चिकटली होती. आत्ता पुसलेल्या पाठीवर दोन मोठे ओले डाग.

"वस्ताद," ती म्हणाली, आणि पुढची माणसं गप्प झाल्यामुळे आम्हाला ऐकू आलं, "माझी पाठ आधी लागली."

मागून कोणीतरी ओरडलं, "आगं गप! पंचानं हात वर केलाय!" दुसरा म्हणाला, "पंचानी दिलं म्हंजे दिलं!" सगळं गाव तिला गप्प करायला बघत होतं. कोणालाही काही दिसलं नव्हतं. तिने नुसतं मागे वळून नमस्कार केला असता तरी दार उघडलं असतं. मला, खरंच सांगते, तिने तसंच करावं असं वाटत होतं.

ती तशीच पाठ करून उभी राहिली. वस्तादांनी हात पुढे केला, एका खांद्यावरची माती बोटांनी चाचपली, मग दुसऱ्या. मग ते कवितापाशी गेले आणि त्यांनी तिचा हात वर केला.

कविता भांबावली होती. पुढे येऊन तिने शीतलला मिठी मारली. "ताई, मनं नाव पुकारतीन आसं माले वाटनंच नही," ती म्हणाली आणि लहान मुलीसारखी रडली. शीतलने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिंकणाऱ्याला मिळणारा मानाचा फेटा तिच्या डोक्यावर नीट बसवून दिला.

गाव पांगलं. घरी कोणी जेवलं नाही. मंदार एकदाच म्हणाला, "दिसलं नव्हतं गं कोणाला." शीतल म्हणाली, "मला लागलं होतं ना."

सकाळ

आमची एसटी सकाळची होती. सामान बांधून निघालो. थांब्याची वाट तालमीवरूनच जाते. शीतल मान खाली घालून चालत होती.

वस्ताद ओट्यावर नव्हते, दारात उभे होते. रात्रभर झोप नसल्यासारखे डोळे लाल.

"मी पंच हुतो," ते शीतलला म्हणाले, "मला दिसलं नाय. पोरी, आपलीच पाठ दाखवावी हे तुला कुनी शिकवलं? गादीवर तर नाय शिकवत."

शीतलने खिडकीकडे बोट केलं. "इथनंच. तुम्ही पोरांना रोज म्हणायचे ना, पाठ लागली की पंचाची वाट बघायची नाय, आपणच सांगायचं. मातीशी खोटं बोलायचं नाय."

वस्ताद त्या गजांच्या खिडकीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी घसा खाकरला.

"आज माती खनायची हाय," ते म्हणाले. "जत्रंनंतर खनावीच लागती. चपला काढ."

शीतलला कळेना. तिने माझ्याकडे बघितलं.

"चपला घालून हौद्यात येती का काय? काढ म्हनलं ना."

तिने चपला दाराशी काढल्या. बुटकं दार होतं, मान वाकवून आत गेली. वस्तादांनी कोपऱ्यातलं खोरं उचलून तिच्या हातात दिलं. देशात पहिली आलेली, परदेशातून पदक आणलेली माझी भाचेसून हौद्यात उतरली आणि तिने पहिला घाव घातला.

"असं नाय," वस्ताद म्हणाले. "हातानं नाय. कंबरंतनं खन. नवीन हायस, दमानं घे."

"हो वस्ताद," ती म्हणाली. खोरं थांबलं नाही.

एसटी गेली. मंदारने गाडीकडे बघितलंही नाही. मी दाराबाहेरच उभी होते, परवा अडवलं होतं त्याच जागी. वस्तादांची नजर माझ्यावर गेली.

"पाव्हण्या, तुमी काय उभ्या? ताकाचं मडकं आना आत. मुरवायचं तुमाला कळतंय."

मी शीतलच्या चपलांशेजारी माझ्या चपला काढल्या.